केवणीची गाठ

गोव्यात पेडण्यातल्या हळर्णला कृष्णनाथ मेस्तांची सुतारशाळा. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळं टांगायची लाकडी चौकट, म्हणजे माटोळी, करावी तर त्यांनीच! पण लोक आता लोखंडी घडीची घेतात. म्हातारा कंटाळला. या चवथीपर्यंत गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाहीतर जागा गावातल्या सगुणला भाड्याने, असं त्याने सांगून टाकलं. सगुणला तिथे टुरिस्टांच्या स्कूटरी ठेवायच्या होत्या.

सून सुविधा मये गावची, हट्टी. तिने माटोळ्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. दुकान देखणं, पण शोधणाऱ्याला सापडेल तर शपथ! गूगलचं आपल्या गावासारखंच आहे, चार भल्या माणसांनी तुमचं नाव घेतलं की तो ओळख दाखवतो. दुसऱ्यांच्या साइटींवरून दुकानाकडे येणाऱ्या लिंका हव्या होत्या, आणि सुविधाकडे एकही नव्हती.

"एक एजन्सी घाऊक लिंका विकते," नवरा प्रज्योत म्हणाला. "घेऊन टाकू."

"विकतची ओळख काय कामाची?" ती ताडकन म्हणाली. "लोकांच्या उपयोगाचं लिहूया. आपणहून जोडतील."

आणि तिने माटोळीची फळं लिहायला घेतली. कांगलं कुठलं, घागरी कुठली, शोभेचं कवंडळ तोंडात का घालू नये, सगळं फोटोंसकट. सासऱ्यांना कळलं मात्र, घर डोक्यावर घेतलं!

"कांगलां खंय मेळतात तां मियां जांवयाकसुद्धा सांगूक नाय! उद्या सगळो गोंय आमच्या डोंगरार येतलो!"

"जागा कोण सांगतंय, बाबा? फळाची ओळख तेवढी सांगते."

खरंच, जागेचा तिने चकार शब्द काढला नाही. लेख झळकला, आणि पहिलाच अभिप्राय आला पुण्याच्या योगिताचा. माहेर बेळगावचं, सासर गोव्याचं. "ताई, फळं कळली, पण बांधायची कशाने? नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, बांधतात! गेल्या वर्षी साध्या दोऱ्याने बांधलं, तर तोरिंगाचं जड फळ धप्पकन मूर्तीपुढे आपटलं."

सुविधाने कपाळावर हात मारला. अहो, केवणीच्या रानझुडपाच्या सालीचा दोर! इथे पोराटोरांनाही ठाऊक, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. तिने सुतारशाळेत व्हिडिओ सुरू करून मोबाइल टेकवला नि केवणीची गाठ मारायला बसली.

"ही मयेची गाठ! सुटतली ती!" कृष्णनाथ रंधा टाकून धावले. "सर बाजूक!"

मग नारळांच्या घडापासून सुपारीच्या घोसापर्यंत सगळ्या गाठी त्यांनी मारून दाखवल्या. म्हातारा बोलायचा थांबेना.

तो व्हिडिओ लेखात घालून सुविधाने गोव्याबाहेरच्या गोमंतकीय मंडळांना आणि वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेला कळवलं, "माटोळी कशी बांधावी ते इथे आहे. उपयोगी वाटलं तर तुमच्या पानावर जोडा." आधी सगळीकडे सामसूम. मग पुण्याच्या मंडळाने जोडलं. मग प्राध्यापिकेच्या कॉलेजच्या पानाने, मग एका वर्तमानपत्राच्या चवथीच्या पुरवणीने. एकदा लिंका यायला लागल्या त्या लागल्याच! माटोळी शोधा, सगळ्यांत वर कोण? हळर्णचे मेस्त! मोठमोठ्या दुकानांच्या नाकावर टिच्चून! सुविधा घरभर नाचली. का नाचू नये?

चवथ जवळ आली तसा सगुण मोजपट्टी घेऊन दारात उभा राहिला. आत ऑर्डरीच्या माटोळ्या छपराला टेकलेल्या, सुतारांची लगबग, त्याच्याकडे बघायला कोणाला फुरसत नाही.

"काका, जागा मोजूक आयलंय."

"बरां झालां आयलंस," कृष्णनाथ मान वर न करता म्हणाले. "ह्या टोक धर घट्ट. पुण्याची माटोळी आजच जावची आसा."

सगुणने मोजपट्टी खिशात घातली आणि टोक धरलं.