सहावा पत्रा

मूल झालं की कलेला नवा बहर येतो, असं मला निदान चार जणांनी सांगितलं. चौघांपैकी एकालाही मूल नव्हतं.

माझं काम सांगायला सोपं. जस्ताच्या पत्र्यावर मेण फासायचं, सुईने त्यात चित्र ओरखडायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. जितका वेळ आत, तितकी रेघ खोल. मग तिच्यात शाई भरून कागदावर छापायचं. नाजूक रेघेला आठ मिनिटं लागतात. त्या रेघेवरच माझं नाव झालं होतं.

ठकी तीन महिन्यांची होती. मी गच्चीवरच्या खोलीत पत्रा ॲसिडमध्ये सोडला आणि खालून सासूबाईंची हाक आली, "अगं ये लवकर, पोरीने घर डोक्यावर घेतलंय!" गेले, पाजायला बसले. पाऊण तासाने वर आले, तर सगळ्या रेघा एकमेकींत मिसळून नुसता खड्डा झालेला. एरवी मी आकांडतांडव केलं असतं. तेव्हा काहीच वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचं काम बिघडावं तशी बघत उभी राहिले.

गॅलरीवाल्या बाईंनी प्रदर्शनात माझ्यासाठी एक भिंत ठेवली होती. सहा चित्रं द्यायची, नाहीतर भिंत दुसऱ्याला. मी तो खड्डाच छापला आणि फोटो पाठवून दिला. लगेच फोन आला.

"हे काय आहे?"

"पाऊण तास."

त्या म्हणाल्या, "असे आणखी पाच आण."

मग तोच नियम केला. ठकीला भूक लागली की पत्रा आत, तिचं पिऊन झालं की बाहेर. चित्र दर वेळी तेच, आमची पाजायची खुर्ची. नवरा म्हणाला, "म्हणजे चित्रकार ती, तू नुसती हमाल." मी हसले. अशा वेळी हसतात हे लक्षात होतं.

चौतीस मिनिटं, सत्तावीस, एकोणीस, बारा. महिने गेले, खुर्ची हळूहळू दिसायला लागली, आणि मी बधिरच.

प्रदर्शनाला आठवडा उरला. सहावा पत्रा सोडून खाली आले. ठकीने तोंड लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. सासूबाईंच्या हातातल्या पेजेच्या वाटीकडे झेपावली.

"सुटलीस गं बाई," सासूबाई म्हणाल्या.

मी वर जाऊन पत्रा बाहेर काढला. मागोमाग नवरा आला. "सोड की परत आत, आठ मिनिटं होऊ देत. तुझी जुनी रेघ येईल. कुणाला कळणार आहे?"

"नको."

छापला. कागद जवळजवळ कोरा. तिरपा धरला तर खुर्चीचा एक पाय तेवढा दिसत होता. तिथेच फरशीवर बसले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हमसून हमसून रडले. नवऱ्याने माझा शाईचा हात धरला.

मग कागदाखाली पेन्सिलीने नाव घातलं: दोन मिनिटं. त्यातलीही बरीचशी जिन्याचीच.