पडण्याचा डाव

वैशाखाची ताम्रवर्णी, तप्त दुपार चंद्रपूरवर पेटली होती. कोळशाच्या धुळीनं काजळलेलं आकाश, त्याखाली धगधगणारं पत्र्याचं छत, आणि छताखाली ज्युदोच्या निळ्या गाद्यांवर ओतलेलं उन्हाचं वितळतं कांचन.

त्या कांचनात सुवर्णा पालथी पडली होती. तिचा हात वासेकर सरांच्या पकडीत पिळला जात होता.

तिनं गादीवर थाप मारली. हरले, सोडा, असं सांगणारी थाप. ज्युदोत या थापेला शपथेचा मान. ती पडली की पकड सुटते, सुटलीच पाहिजे.

सर हसले. हात आणखी पिळला.

कोपरातून वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

"सोडा न सर! थाप दिली तिनं!" सुवर्णाची मैत्रीण तिलोत्तमा आत्राम ओरडली.

"थापाच मारायच्या तर घरी बसून भाकऱ्या थापा," सर उठत म्हणाले. "पुढं कोण?"

"मी."

राग तिलोत्तमाच्या अंगात चढला. वाळल्या बांबूच्या बनात वणवा चढतो तसा, तडतडत, ज्वालामुख, दिशाहीन. तिनं सरांच्या जाड, शुभ्र कोटाची गळपट्टी धरली, ओढलं, रेटलं. पर्वत हलेना. उलट पर्वतच पुढं सरकू लागला.

"माज उतरवतो तुझा!" अख्ख्या देहाचा भार घालून सर तिला भिंतीकडे लोटत निघाले.

आणि रेटणं तिनं सोडून दिलं.

ती पडली. आपण होऊन पडली, त्याच्याच पायांशी, पाठीवर, धनुष्यासारखी वाकून. पायाचा तळवा त्याच्या पोटावर रोवला, गळपट्टी छातीशी खेचली, पाय ताणला. त्याचाच जोर, त्याचाच भार, त्याचाच उन्माद. तिनं फक्त वाट दिली. प्रचंड देह तिच्या मस्तकावरून उलटला आणि धाडकन पाठीवर आदळला.

छत थरारलं.

"संघातून नाव कापलं तुझं," सर पडल्या पडल्या धापत म्हणाले.

"कापा."

तिनं सुवर्णाला उठवलं, तिचा धड हात आपल्या खांद्यावर घेतला. चपला घालायचंही भान उरलं नाही. दवाखान्याच्या रस्त्यावर डांबर वितळत होतं. त्या कृष्णवर्ण, जळत्या लेपावर चार अनवाणी पावलं रुतत गेली, उमटत गेली. आणि तिलोत्तमाला चटका कळला नाही, कारण तिच्या आतला जाळ त्याहून लाल होता, त्याहून लाल.