तिसरं बटण

मतदानाच्या दिवशी सकाळी सून भाजी चिरत होती आणि सासूबाई ओट्याशेजारी बसून कापडाच्या पट्टीवरची बटणं चाचपत होत्या. शिवणाच्या डब्यातली सहा बटणं सुनेनंच एकाखाली एक शिवून दिली होती. पंधरा दिवस मत द्यायचा सराव चालला होता. "एक, दोन... आणि ही माझी नर्सबाई!" तिसऱ्या बटणावर बोट टेकून म्हातारी पोरीसारखी हसली.

डोळे जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं मत आधी यजमानांनी, मग लेकानं दिलं. आंधळ्या माणसाबरोबर घरचं कुणी आत जाऊ शकतं, ही खरं तर सोय. या घरात तिची वहिवाट झाली होती. यंदा दवाखान्यातली नर्स निवडणुकीला उभी होती, डोळे गेले तेव्हा आठ दिवस उशाशी बसलेली. "मरायच्या आत एकदा तरी माझ्या बोटानं देईन गं," एवढंच म्हातारीचं मागणं.

लेकानं मात्र कारखान्याच्या मुकादमाला शब्द दिला होता, घरातली तिन्ही मतं पहिल्या बटणाला.

केंद्रावर अधिकाऱ्यानं विचारलं, "आजी, स्वतः देणार का? बटणं हाताला लागतात."

"देणार की! मला मोजता येतं."

"साहेब, भ्रम झालाय तिला," लेक हसून म्हणाला. "घरीसुद्धा दिवसभर बटणंच मोजत बसते."

"मग शिंप्याकडे न्या की!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

म्हातारीनं हवेत हात फिरवला. "सूनबाई, सांग गं यांना. तूच शिकवलंस ना?"

अधिकारी सुनेकडे वळला. "काय हो, कळतं ना त्यांना?"

एका शब्दाचं काम होतं. नवरा टक लावून बघत होता. सुनेनं मान खाली घातली. "नाही... अलीकडे नाही कळत."

हवेतला हात तसाच राहिला. लेकानं तोच धरून आईला आडोशामागे नेलं. यंत्र वाजलं.

मग सुनेची पाळी. आडोशामागे ती एकटी. नवरा नाही, मुकादम नाही, देवाखेरीज बघणारं कुणी नाही. तिसरं बटण समोर होतं. तिचं बोट मुकाट्यानं पहिल्यावर गेलं.

"एका घराचं एक मत असलं की घर टिकतं," परतताना नवरा खुशीत म्हणाला.

संध्याकाळी सासूबाईंनी सहा सुटी बटणं तिच्या ओंजळीत ठेवली. चाचपडत, दातांनी दोरे तोडले होते. "घे. कुणाच्या सदऱ्याला लागतील."

"चुकलं माझं, आई."

"डोळे माझे गेले, बाई. तुझी जीभ कधी गेली?"

सून मोरीत बसून बोटावरची शाई दगडानं घासत राहिली. कातडं सोललं, रक्त आलं. शाई होती तिथंच होती.