बदरू पहिलवानाच्या पोराचं वजन

मंगरूळपीरच्या बाजारात बदरुद्दीन पहिलवानाचं गाद्यांचं दुकान आहे. पहिलवान म्हणायचं ते जुन्या मानाने. कुस्ती सुटून जमाना झाला, पण पोट अजून तालमीतलं आणि आवाज आखाड्यातला. या माणसाचा एक रिवाज होता. दर जुम्म्याला नमाज पढून आला की कापूस तोलायच्या काट्यावर तो आपल्या पोराला, एजाजला, उभं करायचा आणि आकडा साऱ्या गल्लीला ओरडून सांगायचा. पोरगं चालायला लागलं तेव्हापासून हे चाललेलं. आकडा वाढला की बापाच्याच अंगावर मूठभर मांस चढायचं.

एजाज आता चांगला बाप्या झाला होता. दिवसभर गाद्या भरायचा, टाके घालायचा, आणि तरी जुम्म्याला मुकाट काट्यावर चढायचा. बापाला नाही म्हणायची त्या घरात पद्धतच नव्हती.

पण या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात वेगळंच शिरलं. भीमजयंतीला वाशीमला शरीरसौष्ठवाची स्पर्धा असते, तिथे उभं राहायचं. संघपालच्या जिममध्ये तो घाम गाळतच होता. आता नुसतं दणकट अंग नको होतं. पोटाचे कप्पे, खांद्याची फोड न् फोड दिसली पाहिजे होती. त्यासाठी चरबी उतरवायची. तूप बंद, भात नावाला, सकाळ-संध्याकाळ उकडलेली अंडी आणि कोंबडी.

जुम्म्यामागून जुम्मा आकडा उतरत गेला आणि पहिलवानाचा आवाजही. "लोक म्हनतीन, बदरू पोराले उपाशी ठेवते," तो चरफडायचा. मग त्याने पोराच्या डाळीत चोरून तूप सोडायला सुरुवात केली. एजाज ती वाटी हळूच आईकडे सरकवायचा. आईचा बांधा तेवढा सुधारला.

कमी खाऊन ताकद मात्र उतरायला लागली. रोजचं वजन छातीवर पेलेना. तेव्हा एजाजने माहिती काढली, डॉक्टरांना विचारलं, रक्त तपासून घेतलं आणि क्रिएटिनच्या भुकटीचा काळा डबा आणला. रोज एक चमचा पाण्यात. थोड्याच दिवसांत हातात जोर परतला. आणि पुढच्या जुम्म्याला काटा दीड किलोने वर गेला.

पहिलवानाने जिलेबी मागवली. "पाह्यलं?" तो गल्लीला सांगत सुटला. "माह्या तुपाचा असर हाये हा!"

जिलेबी तोंडात घालून एजाज गप्प बसला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण मन मारून मारून कमावलेलं अंग तुपाच्या नावावर जाताना त्याला पाहवेना.

"अब्बा, तूप नाही हे. पानी हाये. मी क्रिएटिन घेऊन राह्यलो. ते गोश्तात पानी धरून ठेवते."

गल्ली खो खो हसली. पहिलवानाचं तोंड उतरलं. "म्हंजे म्या पान्याची जिलेबी वाटली? अबे, गुर्दे सडवशीन तू! इंजेक्शनं घेतेत ते पोट्टे, मरतेत जवानीत."

"इंजेक्शन नाही हे. डॉक्टरले इचारून घेऊन राह्यलो."

"डबा फेक. नाही तं पुढच्या जुम्म्याले या काट्यावर पाय ठेवू नोको."

"नाही ठेवत," एजाज म्हणाला आणि काट्यावरून उतरला. त्या घरातला हा पहिला नकार.

जिममध्ये दुसरी आफत वाट पाहत होती. संघपालदादाने त्याचं वजन पाहून कपाळाला हात लावला. "सत्तर किलोच्या गटात बसत नाहीस तू. डबा बंद कर, आन् दोन दिवस पानी तोड. अंग कोरडं पडलं की कट दिसतीन."

एप्रिलचं ऊन, आणि पाणी तोड! मागच्या वर्षी एक पोरगा असाच कोरडा पडून स्टेजच्या पायरीवर कोसळला होता.

"पानी तोडनार नाही, दादा. डबाबी सोडनार नाही."

"मंग वरच्या गटात जाशीन. तिथं हेले हायेत, हे एवढाले रेडे."

"जातो."

घरी येताना एजाजचा संताप मावेना. एकाला आकडा वर हवा, दुसऱ्याला खाली. वजन सगळ्यांना हवं होतं, एजाज कुणालाच नको होता. त्याला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी त्याच्याकडे नीट पाहावं.

वाशीमच्या मंडपात तो वरच्या गटात सर्वांत बारका, रांगेच्या टोकाला उभा. "फजिती पाह्याले आलो," म्हणत बापही पुढच्या खुर्चीत बसला होता. एकेकाला पोज द्यायची बारी मिळणार होती. तीन-चार जणांची झाली आणि पाहुण्यांच्या गाड्या आल्या. समितीची धांदल उडाली. निवेदकाने वेळेअभावी म्हणून सरळ तीन नंबर पुकारले आणि बाकीच्यांना उतरायला सांगितलं. सारे उतरले. एजाज हलला नाही.

"भाऊ, उतरा खाली."

"माही बारी राह्यली."

"नंबर निघाले नं भाऊ!"

"नंबर नोको मले. बारी पाह्यजे."

त्याने दंड उचलले आणि पहिली पोज घेतली. शिट्ट्या वाजल्या. कुणी ओरडलं, "बदरूभाई, पोराचे बरगाडे मोजून घ्या!" समितीचे बिल्ले लावलेले दोघं त्याच्या दिशेने निघाले, आणि त्यांच्या मागून पहिलवान पायऱ्या चढून वर आला. आता हा कान धरून नेणार, असं साऱ्या मंडपाला वाटलं. एजाजलाही वाटलं. तरी त्याने हात खाली घेतले नाहीत.

पहिलवान बिल्लेवाल्यांना ओलांडून पोराजवळ आला. पहिल्यांदाच त्याने त्याला वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं, खांदे, पोट, मांडीवरची एकेक रेघ. मग वळला आणि दोघांच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"हात नोका लावू," तो आखाड्यातल्या आवाजात म्हणाला. "पाव्हन्याइले म्हना, बसा जरासक. माह्या पोराची बारी चालू हाये."