बागेतल्या बाकावरून

सकाळी सहा चाळीसला नगरपालिकेच्या दोन कामगारांनी बागेतला बाक कापला. त्याचे चारही पाय जमिनीलगत कटरने उडवले, बाक उचलून पायऱ्यांवरून वर नेला आणि फाटकाजवळच्या ओट्यावर नव्याने ठोकून बसवला. सात वाजायच्या आत काम आटोपलं होतं. नगरपालिकेचं कोणतंही काम इतक्या लवकर झाल्याचं त्या वस्तीत कोणाला आठवत नव्हतं. बागेच्या नळाची तोटी गळत होती ती वर्षभर गळतच होती.

त्याच दिवशी अकरा वाजता त्या बाकावर टेकडी समिती बसणार होती.

शहराला लागून असलेल्या टेकडीच्या उतारावर एका बांधकाम कंपनीला उंच इमारत बांधायची होती. आड येत होता तो नगरपालिकेचा एक नियम, एका वाक्याचा: "बागेतल्या बाकावरून दिसणारा टेकडीचा माथा कोणत्याही बांधकामाने झाकला जाता कामा नये." इमारत किती उंच होणार हे दाखवायला कंपनी उतारावर दोराला बांधून एक लाल फुगा सोडणार होती. समिती बाकावर बसून बघणार. फुगा माथ्याच्या खाली राहिला तर परवानगी. माथ्याच्या वर गेला तर नाही.

बाक खालच्या हिरवळीवर, टेकडीच्या समोर होता. तिथून फुगा माथ्याच्या वर जाणार हे उघड होतं. फाटकाजवळचा ओटा उंचावर आणि बराच मागे. तिथून पाहिलं की मधलं सगळं खाली बसतं.

नियमातलं ते वाक्य बाईंचं होतं. बाई निवृत्त शिक्षिका; आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलं. नियम व्हावा म्हणून वस्तीतली माणसं सात वर्षं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवत होती, त्यांत त्या पुढे होत्या. अधिकाऱ्यांनी केलेल्या मसुद्यात "निरीक्षणबिंदू", "सर्वेक्षण खूण" आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ होती. बाईंनी ती खोडून घेतली. हे कोणाला कळणार, त्यांनी भर सभेत विचारलं होतं. भाजी घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला दोन मिनिटं टेकून स्वतःच्या डोळ्यांनी तपासता आलं पाहिजे. बाक लिहा. बाक सगळ्यांना कळतो. सभेत टाळ्या पडल्या होत्या.

त्या दिवशी सव्वासातला बाई नेहमीसारख्या फिरायला आल्या आणि हिरवळीवरच्या चार खुंटांपाशी थांबल्या. कापलेलं लोखंड चकचकीत दिसत होतं. त्यांनी वाकून बोट लावलं. कड अजून धारदार होती.

समोरच रस्त्यापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं वेल्डिंगचं दुकान होतं. तो शटर वर करत होता.

"बाक गेला," बाई म्हणाल्या.

"गेला म्हणजे? पाय फुटले का त्याला?"

"पाय होते. ते तेवढे इथेच ठेवून गेला."

भावाने शटर अर्ध्यावर सोडलं, रस्ता ओलांडून आला आणि खुंट बघितले. मग मान वळवून ओट्याकडे बघितलं.  मागच्या वर्षी शेजारच्या उतारावर दुसऱ्या एका इमारतीसाठी टेकडी कापली होती. एका पावसात ती कापलेली बाजू गल्लीत उतरली आणि त्याच्या दुकानात गुडघाभर चिखल साचला. दोन यंत्रं त्यातून पुन्हा उठलीच नाहीत. नगरपालिकेने तेव्हा पाहणी करून निसर्गापुढे कोणाचं चालत नाही असं कळवलं होतं.

"ताई, सरळ सांगायचं ना त्यांना, बाक इथे होता म्हणून. अख्ख्या गावाने बघितलाय."

"नियमात इथे असं कुठे लिहिलंय? बाक लिहिलंय." बाईंचा आवाज चढला नाही, पण शब्द एकेक करून यायला लागले. "मी लिहिलंय. त्यांच्या मसुद्यात जागेचे आकडे होते. मी हट्टाने काढायला लावले. जमीन उचलून नेता आली नसती त्यांना. बाक आला."

"म्हणजे चोराने चोरी केली आणि दोष कुलपाचा."

"कुलूप मी लावलं होतं."

त्यांनी उद्यान अधिकाऱ्याला फोन लावला. हा अधिकारी त्यांचाच विद्यार्थी. चौथ्यांदा त्याने उचलला.

"बाई, नमस्कार. सुशोभीकरण चालू आहे. ज्येष्ठ नागरिकांची सोय. एवढ्या पायऱ्या उतरून खाली कशाला जायचं तुम्ही?"

"माझ्या गुडघ्यांची काळजी तुला आज सकाळी सहा वाजता वाटली?"

"वरून आदेश होता, बाई."

"वरून म्हणजे कुठून?"

 पलीकडचा आवाज खाली आला. "बाई, तुम्ही आकडे राहू दिले असते तर माझे हात बांधलेले असते. मी तरी काय करू?"

बाईंनी फोन बंद केला. हे वाक्य त्यांच्या वर्मी बसलं, कारण ते खोटं नव्हतं.

अकराला समिती आली. अध्यक्षा साठीच्या, हातात काठी, बोलणं मोजकं. सोबत दोन सदस्य, ते मोबाइलमध्ये. कंपनीचा आर्किटेक्ट घोटून दाढी केलेला, गळ्यात टाय. वस्तीतल्या बायकांनी तेवढ्यात त्याचं नाव "टाय" ठेवलं होतं. उद्यान अधिकारी सगळ्यांच्या मागे, बाईंच्या नजरेला नजर न देता.

अध्यक्षा ओट्यावरच्या बाकावर बसल्या. उतारावरून लाल फुगा वर आला, दोर ताणला गेला आणि तो थांबला, माथ्याच्या चांगलाच खाली.

"बघा," टाय म्हणाला. "माथा पूर्ण मोकळा. उलट फुग्यामुळे टेकडीला शोभा आली."

मागून भावाचा आवाज आला, "मग फुगाच ठेवा. इमारत कशाला?"

दोघं-तिघं हसले. अध्यक्षा हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हा बाक पूर्वीपासून इथेच आहे?"

"सध्या इथे आहे," उद्यान अधिकारी म्हणाला.

"सकाळी सातपासून," बाई म्हणाल्या. "खाली चला, पाय दाखवते."

"मॅडम," टाय मध्ये पडला, "बाक कुठे ठेवायचा हा उद्यान विभागाचा प्रश्न. नियमात जागा दिलेली नाही. नियम आम्ही केला नाही. यांनीच केलाय." त्याने बाईंकडे हात केला, अगदी अदबीने.

बाईंची कानशिलं तापली. सात वर्षं. त्यांतली दोन तर फक्त त्या एका वाक्यावर गेली होती. आणि हा माणूस त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर मारत होता, तेही मान झुकवून.

"नियम वाचून दाखवा," अध्यक्षा म्हणाल्या.

उद्यान अधिकाऱ्याने वाचला. शाळेत वाचायचा तसाच, एका सुरात, पूर्णविरामाला न थांबता. बाई स्वतःचं वाक्य पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होत्या.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचला. बागेतल्या बाकावरून.

"कोणत्या बाकावरून?"

"बाई, बागेत बाक एकच आहे."

"आत्ता एकच आहे. वाक्यात एकच असं कुठे म्हटलंय?"

उद्यान अधिकारी पहिल्यांदाच पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर, काय करणार, जरासं समाधान होतं. "बाई, 'बाकावरून' लिहिलंय. 'का'वर अनुस्वार नाही. तुम्हीच शिकवलंत. अनुस्वार असता तर अनेकवचन. नाही, म्हणजे एक."

"शाबास," टाय म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी फुलांच्या ताटव्याकडे बोट केलं. तिथे नगरपालिकेची हिरवी पाटी होती.

"ती वाच."

"बाई, आता ते..."

"वाच."

"फूल तोडू नये."

"फूल. एकवचन. बागेत फुलं किती?"

अधिकाऱ्याने ताटव्याकडे बघितलं.

"एक सोडून बाकीची मी तोडून नेऊ? तुझा माळी काही म्हणणार नाही ना? म्हणाला तर सांगेन, तुमचे साहेब म्हणाले, अनेकवचन नाही." गर्दीत कोणीतरी खिदळलं. बाई थांबल्या नाहीत. "मनाई करताना एकवचनात सगळी जात येते. हे आठवीत शिकवलं होतं तुला. तू शेवटच्या बाकावर बसायचास. झोपायचास. पण मी तुझा बाक कधी कापून व्हरांड्यात नेऊन ठेवला नाही."

उद्यान अधिकाऱ्याची मान खाली गेली.

"बागेतल्या बाकावरून म्हणजे बागेत जो जो बाक असेल त्यावरून," बाई अध्यक्षांना म्हणाल्या. "एकावरून माथा दिसतो आणि दुसऱ्यावरून झाकला जातो, तर नियम मोडला."

"पण दुसरा बाक नाहीच आहे," टाय म्हणाला. आता त्याचा आवाज तेवढा मऊ नव्हता.

अध्यक्षांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि जरा विचार केला. "आम्हाला उतारावर जाऊन जागा बघायची आहे. तासाभराने येऊ. परतल्यावर मी बागेत एक चक्कर मारीन. माझे गुडघे धड नाहीत. बागेत जिथे बाक दिसेल तिथे मी बसते."

"फुगा खाली घ्यायचा का मॅडम? वारा..."

"वारा नाही," अध्यक्षा म्हणाल्या. "राहू द्या."

समितीची गाडी वळणाआड जायच्या आत भाऊ रस्त्यापलीकडे होता. दुकानाबाहेर गिऱ्हाइकांना बसायला एक लोखंडी बाक होता, रंग उडालेला, एका टोकाला पोचा आलेला. त्याने आणि शेजारच्या न्हाव्याने तो उचलला. रस्त्यावरून वेल्डिंगची केबल टाकली. गाड्या थांबल्या, हॉर्न वाजले, कोणी केबल ओलांडली, कोणी शिव्या दिल्या. हिरवळीवर बाकाचे पाय खुंटांवर बसेनात. अंतर जुळत नव्हतं. भावाने लोखंडाच्या दोन पट्ट्या आडव्या टाकून आधी त्या खुंटांना जोडल्या, मग त्यांवर बाक.

"सार्वजनिक बागेत वेल्डिंगला परवानगी लागते," उद्यान अधिकारी पायऱ्यांवरून म्हणाला. तो समितीबरोबर गेला नव्हता.

"सकाळी कटर चालवायला कोणाची घेतली होती?" भावाने तोंडावरची काच वर करून विचारलं. "त्यांचंच नाव सांगा. मीही त्यांच्याकडूनच घेतो."

अधिकारी बाईंकडे वळला. "बाई, माझी नोकरी जाईल."

"जाऊ नये," बाई म्हणाल्या, आणि तसंच त्यांना वाटत होतं. "पण टेकडी गेली तर कोणी तिची बदली रद्द करून परत आणणार नाही. तुझी पोरं जातात ना तिकडे फिरायला?"

 त्याने कोणाला फोन लावला नाही. पायऱ्यांवर बसून राहिला.

समिती परतली तेव्हा जोडाच्या जागा अजून निळसर होत्या. टायने बाक बघितला आणि त्याचा चेहरा पडला. "हे अतिक्रमण आहे," तो म्हणाला. "मॅडम, हे सरळसरळ सार्वजनिक जागेवर अतिक्रमण आहे."

 टेकडीचा अख्खा उतार कापायला निघालेला माणूस एका बाकाबद्दल बोलत होता. मग न्हावी म्हणाला, "साहेब, तुमचा जिना तरी याच्यापेक्षा मोठा असेल." आणि लोक हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. कोणीतरी टायला चिकटून उभा राहिला. भावाने त्या माणसाला दंडाला धरून मागे ओढलं.

अध्यक्षा काठी टेकत पायऱ्या उतरल्या. बाकाच्या टोकाला पोचा होता, त्या बाजूला न बसता मधोमध बसल्या. समोर बघितलं. बाई मागे उभ्या होत्या. त्यांना बघायची गरज नव्हती. लाल फुगा माथ्याच्या वर होता, मोकळ्या आभाळात. इमारत कुठवर येणार ते आता लहान मुलालाही सांगता आलं असतं.

अध्यक्षा बराच वेळ बसल्या. एका सदस्याने मोबाइल खिशात ठेवला.

"निर्णय राखून ठेवते," त्या उठताना म्हणाल्या. "'बाक' या शब्दावर विधी विभागाचं मत घ्यावं लागेल."

"एका शब्दावर?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला तरी वाटलं होतं का, एवढ्यावर येईल म्हणून?" अध्यक्षा म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

त्या संध्याकाळी कंपनीने तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी भावाच्या बाकावर नोटीस चिकटवलेली होती: बाक अनधिकृत आहे, सात दिवसांत काढावा. बाई नोटिशीला टेकून बसल्या. दुपारी उतारावर एक पिवळं यंत्र चढलं. माती परीक्षण, असं सांगण्यात आलं. संध्याकाळपर्यंत टेकडीला एक तांबडा ओरखडा पडला होता, खालच्या बाकावरूनही दिसेल इतका लांब, आणि वरच्या बाकावरूनही. भावाने कपाळाला हात लावला आणि दुकानातली राहिलेली यंत्रं विटा रचून त्यांवर चढवायला घेतली.

शुक्रवारी सकाळपर्यंत विधी विभागाचं मत आलेलं नव्हतं. दोन्ही बाक जागच्या जागी होते. नळ गळत होता. ताटव्यातली हिरवी पाटी मात्र रातोरात बदलली होती. रंग ओला होता, आणि अक्षरं पहिल्यापेक्षा मोठी: "फुले तोडू नयेत."