उजव्या हाताची खुर्ची

फिबा माशाचे खवले इतक्या तिरमिरीने खरवडत होती की ते उडून तिच्या केसांत, भिंतीवर, चुलीवरच्या पातेल्याच्या झाकणावर जाऊन बसत होते. बाहेर रस्त्यावरून ढोल येत होते. बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण ढोल अगदी दारापाशी आले तेव्हा ती हातातल्या सुरीसकट खिडकीशी गेली.

पुढे मिंगो होता. पेनरोजसाहेबांच्या करड्या घोड्यावर बसलेला, कमरेला त्यांचीच तलवार. त्याच्या मागे उघड्या गाडीत त्याची बायको व्हीनस, आणि तिच्या अंगावर पेनरोजबाईंचा निळा रेशमी झगा. कालपर्यंत ही बाई गुडघे टेकून पेनरोजांच्या पायऱ्या घासत होती. आज ती लोकांना हात करत होती, तोही नुसत्या बोटांनी.

"बोटं झडोत मेलीची," फिबा म्हणाली.

इंग्रज राजाच्या वसाहतीतल्या न्यूपोर्ट बंदरातले काळे लोक दर वर्षी जूनमध्ये आपला गव्हर्नर निवडत. मत द्यायचं म्हणजे माळावरच्या मोठ्या झाडाखाली आपल्या माणसाच्या मागे रांगेत जाऊन उभं राहायचं. ज्याची रांग लांब, तो वर्षभर गव्हर्नर. त्याने आपल्या लोकांची भांडणं सोडवायची, आणि सणासुदीला मिरवायचं. गोऱ्या मालकांनाही या निवडणुकीचं भारी वेड. ज्याच्या घरचा गुलाम गव्हर्नर झाला त्याची मान धक्क्यावर ताठ, म्हणून घोडा, तलवार, कोट सगळं मालकाच्या घरून येई. फिबाच्या मालकांनी, थर्स्बीसाहेबांनी, मात्र तिच्या नवऱ्याला एक जुनी टोपी देऊन बोळवण केली होती. तीही पिसू लागलेली.

आणि तरीही क्वाको जिंकला असता. फिबाला राग होता तो त्याचाच. रमच्या भट्टीवर पिंपं बांधणारे त्याचे सगळे सोबती सकाळी त्याच्या मागे उभे होते. मग क्वाको मागे वळून काहीतरी बोलला, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते एकेक करून मिंगोच्या रांगेत गेले.

क्वाको मागच्या दाराने आत आला आणि पाण्याच्या पिंपाकडे गेला.

"झाली हौस?" फिबा म्हणाली. "स्वतःच्या हातानं त्याला घोड्यावर बसवलास ना?"

"ज्याचं त्याचं नशीब."

"नशीब नव्हे, व्हीनस म्हण. तिच्या धुण्याच्या टोपाला कडं बसवायला तुला वेळ मिळतो. माझं पिंप बघ, वर्षभर गळतंय."

क्वाको पाणी प्याला. उलट्या हाताने तोंड पुसलं. "मिंगोनं निरोप धाडलाय. संध्याकाळी जेवायला त्याच्या उजव्या हाताला बसायचंय. डेप्युटी म्हणून."

रीतच तशी होती. हरलेला माणूस जिंकलेल्याच्या उजव्या हाताला बसे, पहिला पेला तोच उचले, आणि मग वर्षभर डेप्युटी म्हणून मिरवे. मनात अढी राहू नये म्हणून कुणा शहाण्याने घालून दिलेली पद्धत. पण फिबाच्या डोळ्यांपुढे काही अढी आली नाही, डाव्या हाताला बसलेलं निळं रेशीम तेवढं आलं.

"गेलास तर या दारातून परत येऊ नकोस. दुसऱ्याच्या लग्नात करवला व्हायची एवढी हौस आहे तुला? तिच्या समोर बसून तिचं तोंड बघत जेवणार?"

"फिबे, त्यात तसं काही..."

"नाही म्हणून सांग."

क्वाकोने तिच्याकडे बघितलं. सांगावं की सांगू नये, असं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं. पण फिबाच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत अख्ख्या धक्क्याला कळते, हे तो लग्नाच्या आधीपासून ओळखून होता. त्याने टोपी खुंटीला अडकवली. "बरं. रांगांत प्राइमस तिसरा आलाय. तो बसेल."

प्राइमस म्हणजे ग्रीलींच्या भट्टीवर पिंपं बांधणारा. फिडल असं वाजवायचा की म्हातारी माणसंसुद्धा काठ्या टाकून नाचत. त्याच्याबद्दल वाकडं बोलणारा माणूस न्यूपोर्टात सापडला नसता. क्वाको भट्टीकडे निघून गेला आणि फिबाला थोडं बरं वाटलं. फार नाही, थोडं.

दुपारी मालकांकडे पाहुणे होते, पेनरोजसाहेब आणि कॅप्टन डॉगेट. कॅप्टनचं गलबत दक्षिणेला चार्ल्सटनला निघायचं होतं. फिबाने मासा वाढला तेव्हा तिघांचं बोस्टनवरून चाललं होतं.

"बंदराला कुलूप ठोकलंय राजानं," पेनरोज म्हणत होते. "आज बोस्टन, उद्या आपण. न विचारता कर घ्यायचे, न विचारता बंदर बंद करायचं. गुलाम करून टाकलंय आपल्याला, दुसरं काय!"

"मी तर म्हणतो, गुलामीत जगण्यापेक्षा मेलेलं बरं," थर्स्बीसाहेब म्हणाले. "फिबा, सॉस."

फिबाने सॉस दिला.

"तुमच्या कायदेसभेनं मात्र कमाल केली," कॅप्टन हसत म्हणाला. "बाहेरून गुलाम आणायचे नाहीत म्हणे. आपल्याला स्वातंत्र्य हवं तर दुसऱ्यालाही द्यावं, असं काहीतरी लिहिलंय त्यात."

"आणायचे नाहीत, एवढंच लिहिलंय. न्यायचे नाहीत असं कुठं लिहिलंय?" थर्स्बीसाहेब म्हणाले.

तिघेही हसले. मग कॅप्टनने पेनरोजांकडे मोहरा वळवला. "तेव्हा तुमचा तो मिंगो. परवा भरतीच्या वेळी गलबतावर चढवू ना? तिकडं आता तांदळाचं पीक येईल आणि पिंपं बांधायला हात नाहीत. मी शब्द देऊन बसलोय."

फिबाच्या हातातला बटाट्यांचा वाडगा तिथल्या तिथे थांबला.

"आता कसं जमेल?" पेनरोज कुरकुरले. "सकाळी अख्ख्या गावानं त्याला माझ्या घोड्यावर बघितलाय. आज गव्हर्नर आणि परवा विकला, तर लोक म्हणतील पेनरोज बुडाला. वर्षभर तरी हात लावता यायचा नाही. या लोकांनी नेमका त्यालाच कसा निवडला, देव जाणे."

देवाला विचारायची गरज नव्हती. फिबाला सकाळची रांग दिसली, मागे वळून हळूच बोललेला क्वाको दिसला. मिंगोला विकायचं ठरलंय हे सगळ्या पिंपवाल्यांना माहीत होतं. व्हीनसला माहीत होतं. गाडीतून हात करणाऱ्या त्या बोटांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या फिबाला. आणि तिला का सांगितलं नाही, हेही तिला तिथेच, बटाटे धरून उभ्या उभ्या कळलं. लाजेने तिचे कान तापले.

"मग मला दुसरा द्या कुणीतरी," कॅप्टन म्हणाला. "थर्स्बी, तुमचा तो क्वाको. काल त्याचे हात बघितले मी. माणसाचं तोंड बघून काही कळत नाही, हात बघावेत. तो तर काही गव्हर्नर-बिव्हर्नर नाही ना?"

थर्स्बीसाहेबांनी पेला उजेडात धरला.

"पाहू," ते म्हणाले. "उद्या सांगतो."

फिबाने वाडगा टेबलावर ठेवला. सांडला नाही. दार ओढून घेतलं आणि जिना चढून ती बाईसाहेबांच्या खोलीकडे गेली. तिचं डोकं आयुष्यात कधी चाललं नव्हतं इतकं भराभर चालत होतं. रडून, पाया पडून या घरात काही होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काय केल्याने होतं, तेही ठाऊक होतं. तो मत्सराचा रोग सकाळपासून तिच्याच अंगात होता.

थर्स्बीबाई खिडकीशी बसून रासबेरीच्या पाल्याचा काढा पीत होत्या. चहावरच्या करामुळे गावातल्या सगळ्या बायकांनी चहा सोडला होता.

"बाईसाहेब, एक विचारू? राग मानू नका."

"विचार."

"पेनरोजबाईंनी त्यांचा निळा झगा व्हीनसला घातलाय. तो लंडनचा."

बाईंचा पेला बशीवर टेकला. "घातलाय? घालून रस्त्यानं फिरवलीय तिला? आम्ही इथं विलायती कापड सोडून सूत काततोय आणि ही बया मोलकरणीला रेशमात मिरवते!"

"तेच लोक म्हणत होते. म्हणजे, मला नाही पटलं..."

"काय म्हणत होते?"

"की पेनरोजांकडं मोलकरणीलासुद्धा रेशीम, आणि थर्स्बींच्या माणसाला पिसू लागलेली टोपी." फिबाने मान खाली घातली. "आणि संध्याकाळी तर क्वाकोला गव्हर्नरच्या उजव्या हाताला बसायचंय. डेप्युटी ना तो. सगळ्या बड्या घरच्या गाड्या बघायला येणार. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस, आपल्या घरची शोभा होईल. चामड्याच्या पेटीकोटात जाऊन बसणार का तिथं..."

"पेटीकोट काय बोलतेस!"

"चुकलं. चामड्याच्या अ‍ॅप्रनात."

बाई उठल्या. खालच्या मालकांना विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पेटी उघडली, आणि मालकांचा लग्नातला किरमिजी कोट बाहेर आला, रुपेरी गुंड्यांचा. मग झालरीचा सदरा. मग बाई क्षणभर थांबल्या, ओठ आवळले आणि तळातून पिवळा जरतारी झगा ओढून काढला.

"हा तू घाल. त्या निळ्यापेक्षा उजवा आहे की नाही?"

"कितीतरी," फिबा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"गाडी जोडायला सांग. आम्हीही येतोय बघायला. तिचं तोंड बघायचंय मला."

भट्टीवर क्वाको पिंपाला कडं ठोकत होता. पिवळ्या झग्यातली बायको किरमिजी कोट काखेत मारून चिखलातून धावत येताना बघून त्याच्या हातातला हातोडा खाली आला नाही.

"घाल," फिबा धापा टाकत म्हणाली. "आधी घाल, मग बोल. मला सगळं कळलंय."

"कुणी सांगितलं?"

"तू नाही सांगितलंस, एवढं खरं." तिने त्याचे काळे पडलेले हात बाह्यांत कोंबले. "आता कॅप्टनला तू हवायस. समजलं? ती खुर्ची गेली तर तू गेलास."

क्वाकोने मान ताठ धरली. रुपेरी गुंड्या तिनेच लावल्या.

झाडाखाली लांबच लांब टेबल मांडलं होतं. भाजलेलं डुक्कर, शिंपल्यांचं कालवण, मक्याच्या भाकरी. बाकी सगळ्यांना बाक, खुर्च्या तेवढ्या तीन. मधल्या खुर्चीवर मिंगो, डावीकडे व्हीनस, उजवीकडे प्राइमस. फिडल मांडीवर ठेवून त्याने पहिला पेला नुकताच हातात घेतला होता.

फिबा व्हीनसपाशी जाऊन उभी राहिली. सकाळपासून हिला काय काय म्हटलं ते सगळं तिला आठवलं.

"व्हीनस, ती खुर्ची... आम्हाला हवीय गं."

व्हीनसने तिच्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, मग रस्त्यावर थांबत असलेल्या गाड्यांकडे. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिने मिंगोच्या पुढून वाकून प्राइमसच्या कोपराला हात लावला.

"प्राइमसदादा, क्वाको आलाय."

"आला? अरे मग बस की राजा!" प्राइमस लगेच उठला. "मी कशाला अडकून पडू इथं? एका हातात पेला धरून फिडल वाजतं होय?"

क्वाको बसला. पेला उंच धरून पहिलं नाव गव्हर्नरचं घेतलं, आणि झाडाखालचे सगळे ओरडले, "डेप्युटी!" कुंपणापलीकडे पेनरोजबाईंचं तोंड कडवट झालं. थर्स्बीबाईंचं उजळलं. थर्स्बीसाहेब आपला लग्नातला कोट ओळखून आधी दचकले, पण शेजारच्या गाडीतून ग्रीलीसाहेबांनी टोपी काढून त्यांचं अभिनंदन केलं तेव्हा त्यांची छाती फुगली. कॅप्टनने त्यांच्या कानाशी काहीतरी विचारलं. साहेबांनी हात उडवले.

"आता कसं जमेल, कॅप्टन? तुम्हीच बघताय ना?"

फिबा कालवणाचं भांडं घेऊन कुंपणालगत उभी होती. तिने डोळे मिटले. एक वर्ष. पुढच्या जूनपर्यंत. तिला हसू येत होतं, आणि त्यातही, आपलं पिवळं निळ्याहून उठून दिसतंय, हे तिच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.

प्राइमस टेबलाच्या टोकाला बाकावर चढून उभा राहिला. फिडल हनुवटीखाली घेऊन त्याने गज ओढला, आणि सगळा माळ टाळ्यांवर डोलू लागला.

"काय वाजवतो हो!" कुंपणापलीकडे कॅप्टन म्हणाला. तो प्राइमसच्या तोंडाकडे बघत नव्हता. "कुणाचा?"

"आमचाच," ग्रीलीसाहेब म्हणाले.

"एरवी काम काय करतो?"

"पिंपं बांधतो."

"असं," कॅप्टन म्हणाला, आणि दोघे बोलत बोलत गाडीच्या पलीकडे गेले.

फिबाने टेबलाकडे बघितलं. क्वाको खुर्चीत होता. मिंगो खुर्चीत होता. तिला तोंड उघडायचं होतं. कुणाला सांगायचं, आणि सांगून कुणाला उठवायचं, ते तिला कळेना. तेवढ्यात गाणं संपलं. प्राइमस घाम पुसत बाकावरून तिच्याकडे वाकला आणि त्याने डोळा मारला.

"फिबे, आज तुझा दिवस! बोल, कुठलं वाजवू?"

सगळे तिच्याकडे बघत थांबले. फिबाला एकही गाणं आठवेना.