मालकांच्या मशीनची खरखर

आमच्या मालकांचं कान लय तिखाट. मशीनमदी माशी हलली तरी त्यास्नी ऐकू येतंया. बायकूचं आन् लेकीचं तेवढं येत न्हाई.

फौजेत सिग्नलला व्हतं ह्ये. पेन्शनीत आलं आन् डोसक्यात खूळ घेतलं, जुन्या वाल्वचा ॲम्प्लिफायर सोताच्या हातानं बनवायचा. सांगलीच्या जुन्या बाजारातनं काचंचं वाल्व आनलं. पेटलं की चुलीतल्या इंगळावानी लाल दिसायचं. मी म्हनलं, करा बापडं, पत्त्याच्या आड्ड्यापरीस बरं. माजा जीव दुसरीकडंच टांगलेला.

आमची शिवांजली पाटणला दिलीया. दिवाळीला आली तवा पोटुशी व्हती, आन् दंडावर ह्ये असं वळ. मागारी जाताना माज्या गळ्यात पडून म्हनली, "आये, माजा मोबाईल त्यांनी काडून घेतलाय. लयच झालं तर शेजारच्या हरणाबाईच्या फोनवरनं करीन, दुपारचं, सासू झोपली की. फोन आला की न्यायला या." मी मालकास्नी सांगितलं. तर म्हनं, "पोरगी नांदली पायजे. फोन आला तर बगू."

घरात फोन एकच, बटनांचा, आन् त्यो बी ह्यांच्या ताब्यात. घंटी बंद करून मशीनच्या मागं ठेवायचं. घंटीनं म्हनं कामात चित्त लागत न्हाई.

मशीन झालं, पन दुपारचं मदीच त्यातनं आवाज यायचा. ट्रर्र-ट्रर्र, ट्रर्र-ट्रर्र. गानं ऱ्हायलं बाजूला, ह्योच वाजायचा. ह्ये पार वैतागलं. वाल्व बदललं. आत येनारी वायर काडून जाळीची घातली. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकला आन् घागरी वतायला मी! खरखर हाय तितंच. ह्यांचं जेवनावरचं मन उडालं. मी रोज इचारायची, "आवं, शिवीचा फोन आला का?"

"न्हाई म्हनलं न्हवं! आदी ह्यो आवाज सापडू दे."

शेवटी कोरेगावच्या तात्याबाला बलावलं. मांडवात स्पीकर लावायचा त्येचा धंदा. मी तवा रानात भांगलायला गेलेली, म्हनून काय झालं ते त्येनंच मागनं सांगितलं. तात्याबानं मशीनला हात बी लावला न्हाई. आवाज सुरू झाला तसा मागचा फोन उचलून दावला.

"हंबीरराव, ह्यो बगा तुमचा चोर. फोन यायला लागला की खरखर व्हतीया. उचला की."

ह्यांनी नंबर बगितला. उचलला न्हाई. पलंगाखालच्या फौजी पेटीत फोन टाकला आन् झाकान लावलं. खरखर बंद. सांच्याला गल्ली गोळा करून गानं ऐकवलं. लोकं म्हनली, काय आवाज हाय, लोन्यावानी! मी बी मेली हासले.

फुडं बाजारात तात्याबा भेटला आन् सहज म्हनला, "वहिनी, त्यो फोन कुनाचा वो? मालकांनी नंबर बगून पेटीत टाकला." पिशवी तितंच टाकून घर गाठलं, पेटी उगाडली. फोनवर एकच नंबर, वरपासनं खालपतुर.

लावला. हरणाबाई म्हनली, "आत्ता जाग आली व्हय तुमास्नी? पोरगी रोज माज्या सोप्यात बसून लावायची. नुसती रिंग जायाची. मंग तर लागायचाच बंद झाला. आता ती येत न्हाई."

मी फोन ह्यांच्याफुडं आपटला. "सिग्नलात हयात घालवली तुमी! लोखंडी पेटीत रेंज जात न्हाई, ठावं नव्हतं?"

"ठावं व्हतं," म्हनलं. मान खाली. "मला वाटलं, फोन लागला न्हाई तर नांदंल."

मुडदा बशिवला त्या नांदन्याचा! साताऱ्यात गाडी बदलून दोगं पाटणला गेलो. शिवांजली दारात आली. दिस भरायच्या आदीच पोट सपाट झालेलं. इचारायला तोंड कुटं व्हतं आमाला? ह्ये रडाय लागलं. "चल पोरी, न्यायला आलोय."

ती रडली न्हाई, भांडली न्हाई. भांडली असती तर बरं वाटलं असतं. पावन्यास्नी देत्यात तसा कपबशीतनं च्या आनला आन् ह्यांच्याफुडं ठेवला. "च्या घ्या आन् निगा, आबा. गाडी चुकंल."

आता रोज दुपारी ह्ये मशीन लावत्यात. गानं न्हाई, काय न्हाई. फोन मशीनच्या वरच ठेवत्यात आन् कान देऊन बसत्यात. मी भांडी घासता घासता म्हनते, "ऐका की आता. खरखर ग्येली न्हवं तुमची?"

ह्ये मान वर करत न्हाईत. मशीनमदनं कायबी येत न्हाई.